शिशाच्या मोहरेवरचा घोडेस्वार संत : ओळख, वाचन आणि नोंद

अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी शिशाची चकती. तिच्यावर घोडा, घोड्यावर प्रभावळ असलेला स्वार, त्याच्या हातातला भाला तिरपा खाली उतरलेला. असे चित्र समोर आले की पाहणारा चटकन म्हणून जातो, ‘सेंट जॉर्ज’. पुष्कळदा ते खरेही निघते, पण अंदाज खरा ठरला म्हणून मोहर वाचली असे होत नाही. त्याच घोड्यावर थिओडोर असू शकतो, दिमित्रिओस असू शकतो, किंवा संत सोडून भलताच कुणी.

बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या, पत्रे बंद करण्याच्या मोहरांवर योद्धे संत भरपूर आहेत. मात्र ते बहुतेक कमरेपासून वर दाखवलेले किंवा भाला-ढाल घेऊन समोर तोंड करून उभे असतात. घोड्यावरचा संत मोहरेवर विरळा. तो भिंतीवरच्या चित्रांत आणि लाकडी प्रतिमांत जास्त रमतो. म्हणून मोहरेवर घोडा दिसला की आनंदाआधी शंका यावी. या लेखातला क्रम त्या शंकेतून आला आहे : आधी मोहर पाहायची, मग अक्षरे, मग चेहरा आणि शस्त्रे. घोडा आणि त्याच्या टापांखालचा शत्रू शेवटी.

मोहर उमटते कशी

ही माहिती आधी हवी, कारण वाचताना होणारे निम्मे घोटाळे मोहर बनवतानाच जन्मलेले असतात.

मोहर उमटवायला लोखंडी सांडशीसारखे अवजार वापरत. त्याला बुलोटेरिऑन म्हणतात. त्याच्या दोन जबड्यांच्या आतल्या अंगाला चित्र आणि अक्षरे उलटी कोरलेली असत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कोऱ्या चकत्या साच्यात ओतून तयार ठेवणे सोपे. प्रत्येक चकतीच्या पोटातून आरपार बारीक नळी ठेवलेली असे. पत्राचा दोरा त्या नळीतून ओवायचा, चकती जबड्यांत धरायची आणि वरच्या जबड्याच्या माथ्यावर हातोडा घालायचा. शिसे दबते, नळी दोऱ्यावर आवळते आणि दोन्ही बाजूंचा ठसा एकाच घावात उमटतो. चकती तोडल्याशिवाय किंवा दोरा कापल्याशिवाय पत्र उघडता येत नाही. आपले शिक्कामोर्तब शाईचे, त्यांचे हातोड्याचे.

आता यात काय काय बिघडते ते पाहा. चकती जबड्यांत सरकली तर ठसा एका बाजूला जातो, मग घोड्याचे तोंड किंवा शेपूट चकतीबाहेर राहते आणि त्या बाजूची अक्षरेही जातात. चकती जबड्यांवरच्या कोरीव साच्यापेक्षा लहान असेल तर चित्राभोवतीची मण्यांची कडा उमटतच नाही. दोनदा घाव पडला तर घोड्याला सहा पाय दिसतात, किंवा एकाच ‘ओमिक्रॉन’चे (गोल ग्रीक अक्षराचे) दोन होतात. सगळ्यांत फसवी असते ती नळी. ती साधारणपणे वरून खाली, घड्याळाच्या १२ पासून ६ पर्यंत जाते, म्हणजे नेमकी स्वाराच्या धडातून आणि घोड्याच्या पोटातून. तिथे शिशाची भिंत पातळ असल्यामुळे मोहर तिथेच चिरते, तिथेच दोन तुकडे होतात. दबलेल्या नळीची उभी खाच तर हमखास भाला वाटते. फरक असा : भाला तिरपा असतो आणि हातापाशी तुटक दिसतो. नळीची खाच काठापासून काठापर्यंत सरळ जाते आणि दोन्ही टोकांना दोऱ्याची भोके असतात.

मोजमाप

लागणाऱ्या वस्तू मोजक्या. ०.१ मिलिमीटर दाखवणारा कॅलिपर, ०.०१ ग्रॅमचा काटा, १० पट भिंग, एक छोटी विजेरी, नायट्राइलचे हातमोजे आणि खाली मऊ फोमची गादी. शिसे नखानेही ओरखडते, म्हणून कॅलिपरचे जबडे मोहरेवर घासायचे नाहीत. ते नुसते टेकवायचे.

व्यास दोन घ्यावेत : संपूर्ण चकतीचा आणि मण्यांच्या कडेच्या आतल्या मोकळ्या जागेचा. दुसरा व्यास साच्याचा असतो. एकाच बुलोटेरिऑनच्या दोन मोहरांची चकती वेगळी असू शकते, आतला व्यास मात्र जुळतो. जाडी तीन ठिकाणी मोजावी. बहुतेक मोहरा २० ते ३० मिलिमीटरच्या असतात.

वजनावरून एक साधी पडताळणी करता येते. शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. २५ मिलिमीटर व्यास आणि सरासरी ३ मिलिमीटर जाडी असेल तर आकारमान सुमारे १.४७ घन सेंटिमीटर भरते आणि वजन १६.७ ग्रॅमच्या आसपास यायला हवे. नळी, झीज आणि उंचसखलपणा यांमुळे थोडे कमी भरेल. पण त्याच मापाची मोहर ९-१० ग्रॅमच भरली तर धातू शिसे नसण्याची शक्यता धरावी, म्हणजे कथिलाचा मिश्रधातू किंवा जस्त. काठावर चारी बाजूंनी शिवणीसारखी रेघ, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे गोल खड्डे, आणि नळीच नाही किंवा नंतर ड्रिलने पाडलेली गुळगुळीत नळी, ही ओतीव नकलेची लक्षणे. हातोड्याखाली आवळलेल्या खऱ्या नळीचे तोंड चपटे आणि वाकडे असते.

उजेड : इथे घाई करू नये

वाचनाची गुणवत्ता भिंगापेक्षा उजेडावर ठरते. डोक्यावरच्या दिव्याखाली मोहर सपाट राखाडी दिसते. खोली अंधारी करून विजेरी मोहरेच्या पातळीपासून फक्त १५ ते २० अंश वर धरावी आणि मोहर न हलवता विजेरी आठ दिशांना फिरवावी. फोटो घेताना कॅमेरा तिपाईवर बरोबर वरून लावावा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि आठही दिशांचे आठ फोटो घ्यावेत.

आठ फोटोंचा आग्रह का, तर उंचवट्याची जी रेघ उजेडाच्या दिशेला समांतर असते तिची सावली पडत नाही आणि ती नाहीशी होते. उजेड डावीकडून आला की आडव्या रेघा मरतात. ‘गॅमा’ म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या माथ्यावरून उजवीकडे गेलेली आडवी रेघ. आडवी गेली की उरतो ‘आयोटा’. ‘थीटा’ म्हणजे वर्तुळ आणि मध्ये आडवी रेघ. ती गेली की उरतो ‘ओमिक्रॉन’. उजेड वरून आला की उभ्या रेघा मरतात आणि ‘आयोटा’ दिसतच नाही. एका फोटोवरून केलेले वाचन म्हणूनच कच्चे मानावे, मग तो फोटो कितीही सुंदर असो.

दुसरी फसगत डोळ्यांची. उजेड खालून आला की उंचवटा खड्ड्यासारखा दिसतो, कारण उजेड वरूनच येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. घोड्याचे पोट खोलगट दिसू लागले तर मोहरेत दोष शोधू नये, फोटोतल्या सावलीची दिशा तपासावी. छापायचा फोटो डावीकडून-वरून पडलेल्या उजेडातला निवडावा.

हा स्वार संतच आहे का

नाव शोधण्याआधी हा प्रश्न सोडवायला हवा. घोडा सगळ्यांनी वापरला आहे.

कॉन्स्टँटिनोपलवर १२०४ ते १२६१ या काळात लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या, सम्राटांचे राज्य होते. त्यांच्या मोहरांवर एका बाजूला सिंहासनावरचा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सम्राट येतो, आणि बाल्डविन दुसरा याच्या मोहरेवर घोड्याच्या बाजूचा मजकूर चक्क ग्रीक आहे. नुसती ग्रीक अक्षरे दिसली म्हणून संत ठरवू नये. धर्मयुद्धांच्या काळातल्या लॅटिन सरदारांच्या शिशाच्या मोहरांवरही भालाईत स्वार असतो, पण त्याला प्रभावळ नसते आणि मजकूर लॅटिन असतो.

रशियन राजपुत्रांच्या मोहरा शिशाच्याच, पण त्यांची रीत वेगळी. एका बाजूला स्वतःचा संत, दुसऱ्या बाजूला वडिलांचा संत, आणि मालकाचे नाव कुठेच नाही, असे पुष्कळदा दिसते. अलेक्सांद्र नेव्स्कीच्या मोहरांवर एका बाजूला घोडेस्वार आहे, दुसऱ्या बाजूला सर्पाला मारणारा थिओडोर, कारण त्याच्या वडिलांचे दीक्षानाम थिओडोर होते. दोन्ही बाजूंना चित्र आणि मजकूर जवळजवळ नाहीच, अशी मोहर हाती आली तर नजर कॉन्स्टँटिनोपलच्या उत्तरेला वळवावी.

प्रभावळ म्हणजे संतपणाचा पुरावा, असेही नाही. अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सेल्जुक तुर्कांचा सुलतान सुलेमान दुसरा (राज्यकाल ११९६ ते १२०४) याच्या तांब्याच्या नाण्यांवर गदा घेतलेला स्वार आहे आणि त्याच्या डोक्यामागे प्रभावळ आहे. मागचा अरबी मजकूर आणि नळीचा अभाव यांवरून ते लगेच वेगळे पडते. धर्मयुद्धांतल्या लॅटिनांच्या अँटिओक राज्याचा कारभारी रॉजर ऑफ सालेर्नो (१११२ ते १११९) याच्या तांब्याच्या नाण्यावर तर खरोखरच घोड्यावरचा जॉर्ज सर्पाला भोसकतो आणि मजकूरही ग्रीक आहे. तेही नाणे आहे, मोहर नव्हे. नळी आहे की नाही, हे पाहण्याची सवय इथे कामी येते.

शेवटचा उमेदवार सर्वांत जुना. पाचव्या ते सातव्या शतकातल्या ताइतांवर एक पवित्र स्वार जमिनीवर पडलेल्या स्त्रीरूपी पिशाच्चाला भाल्याने भोसकतो. पुष्कळदा तो बायबलातला राजा सॉलोमन असतो. हे ताईत बहुधा काशाचे, पातळ आणि टांगायला कडी असलेले असतात. योद्ध्या संतांचे घोड्यावरचे चित्र याच घराण्यातले आहे, त्यामुळे गल्लत समजण्यासारखी आहे, पण नोंदीत ती राहू देऊ नये.

अक्षरे

संताचे नाव चित्राच्या दोन्ही बाजूंना उभ्या ओळींत, वरून खाली लिहिलेले असते. डावीकडे नावाचा पहिला भाग, उजवीकडे उरलेला. सुरुवातीला ‘संत’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाची खूण असते : एक वर्तुळ आणि त्याच्या आत ‘अल्फा’. उभ्या संताच्या बाजूला अक्षरांना भरपूर जागा मिळते. घोडा मात्र डावी-उजवी जागा खाऊन टाकतो. म्हणून स्वाराच्या चित्रात अक्षरे स्वाराच्या खांद्यांच्या आजूबाजूला, घोड्याच्या मानेच्या आणि पुठ्ठ्याच्या वरच्या पोकळीत शोधावीत. कधी ती दोनदोन मिळून एका ओळीत कोंबलेली असतात.

तीन मुख्य उमेदवारांची नावे ग्रीकमध्ये अशी लिहितात, आणि हा क्रम पाठ करून ठेवण्यासारखा आहे :

गेओर्गिओस : गॅमा, एप्सिलॉन, ओमेगा, रो, गॅमा, आयोटा, ओमिक्रॉन, सिग्मा. आठ अक्षरे.
थिओडोरोस : थीटा, एप्सिलॉन, ओमिक्रॉन, डेल्टा, ओमेगा, रो, ओमिक्रॉन, सिग्मा. हीही आठ.
दिमित्रिओस : डेल्टा, ईटा, म्यू, ईटा, टाउ, रो, आयोटा, ओमिक्रॉन, सिग्मा. नऊ.

शेवटचे ‘ओमिक्रॉन, सिग्मा’ तिघांतही आहे, त्यामुळे उजवीकडची खालची दोन अक्षरे वाचता आली तरी उपयोग शून्य. दुसरे अक्षर ‘एप्सिलॉन’ दोघांत आहे. निर्णय देणारी अक्षरे वेगळीच. त्रिकोणी ‘डेल्टा’ कुठेही स्पष्ट दिसला की जॉर्ज बाद. तो पहिला असेल तर दिमित्रिओस, चौथा असेल तर थिओडोर. ‘म्यू’ किंवा ‘टाउ’ दिसला तर या तिघांत फक्त दिमित्रिओस उरतो. दोन कमानींचा गोलसर ‘ओमेगा’ जॉर्जच्या नावात तिसरा येतो, थिओडोरच्या नावात पाचवा, आणि दिमित्रिओसच्या नावात येतच नाही. ‘सिग्मा’ या काळात चंद्रकोरीसारखा, उजवीकडे उघडा लिहितात. झिजलेला ‘एप्सिलॉन’ही तसाच दिसतो, फक्त त्याच्या पोटात एक आडवी दांडी असते.

आता नेहमी फसवणारी जागा. वर्तुळात ‘अल्फा’ ही संतपणाची खूण झिजली की ‘अल्फा’ची मधली दांडीच तेवढी शिल्लक राहते आणि खूण हुबेहूब ‘थीटा’ दिसते. वाचणारा तिला नावाचे पहिले अक्षर समजतो, खालचा ‘गॅमा’ नळीच्या चिरेत गेलेला असतो, त्याच्याखाली ‘एप्सिलॉन’ दिसतो, आणि जॉर्जचा थिओडोर होतो. तपासायचा उपाय मोजणीचा आहे. खूण धरून आणि खूण सोडून अशा दोन्ही प्रकारे अक्षरे मोजा, आणि प्रत्येक वेळी ‘ओमेगा’ कितव्या जागी पडतो ते पाहा. तो जागेवर बसला नाही तर वाचन चुकले.

उमेदवार तीनच नाहीत. पहिले अक्षर ‘म्यू’ असेल तर मर्कुरिओस, दोन उभ्या आणि वर एक आडवी असा ‘पाय’ असेल तर प्रोकोपिओस, हेही मनात असू द्यावेत. आणि थिओडोर दोन आहेत : एक ‘तिरोन’, म्हणजे नवा शिपाई, आणि दुसरा ‘स्त्रातिलातिस’, म्हणजे सेनापती. बिरुद लिहिलेले नसेल तर नोंदीत नुसते ‘थिओडोर’ म्हणावे आणि पुढे जावे.

चेहरा, ढाल, रिकीब

चित्रपरंपरेत या संतांचे चेहरे ठरलेले आहेत. जॉर्ज तरुण, दाढी नाही, दाट कुरळे केस कानांवर आलेले. दिमित्रिओसही तरुण आणि बिनदाढीचा, पण केस आखूड आणि सपाट. दोन्ही थिओडोर दाढीवाले : तिरोनची दाढी एका टोकाची, स्त्रातिलातिसची बहुधा दुभंगलेली. प्रोकोपिओस बिनदाढीचा, मर्कुरिओसला आखूड काळी दाढी.

अर्धचित्राच्या मोहरेवर हे सगळे उपयोगी पडते, कारण तिथे डोके ६-७ मिलिमीटरचे असते. घोड्यासकट पूर्ण आकृती १८-२० मिलिमीटरच्या जागेत बसवली की स्वाराचे डोके जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचे उरते. तेवढ्यात कुरळे केस म्हणजे चार-पाच मणी, दाढी म्हणजे एक टोक. घोड्यावरच्या संताची मोहर विरळ असण्याचे एक साधे कारण इथेच दिसते : मोहरेच्या मालकाला आपला संत ओळखू यायला हवा असतो. हनुवटी टोकदार असेल तर ‘बहुधा दाढी’ एवढेच लिहावे. जॉर्जचा घोडा पांढरा आणि दिमित्रिओसचा तांबडा, हा नियम रंगीत प्रतिमांचा. शिशाला रंग नाही.

स्वाराची दिशा पाहावी. तो आपल्या उजवीकडे जात असेल तर त्याची उजवी बाजू आपल्यासमोर येते, भाल्याचा हात मोकळा दिसतो आणि ढाल मागे लपते. चित्र स्पष्ट राहावे म्हणून ही दिशा सोयीची. स्वार डावीकडे जात असून भाला त्याच्या डाव्या हातात दिसत असेल, तर कोरणाऱ्याने समोरचे चित्र साच्यात सरळच उतरवले आणि ठशात ते उलटले, ही शक्यता तपासावी. अशा वेळी अक्षरांतही एखादे उलटे सापडते का, ते पाहावे.

काळ ठरवायला ढाल मदत करते. जुनी ढाल गोल. वर गोलाई आणि खाली टोक असलेली लांबट ढाल अकराव्या शतकात रूढ झालेली दिसते. वरची कड सपाट होऊन ढाल त्रिकोणी झाली की बारावे-तेरावे शतक. रिकिबीवरून मात्र बारीक काळ काढू नये. सम्राट मॉरिसच्या नावावर असलेल्या युद्धशास्त्राच्या ग्रंथात, म्हणजे सहाव्या शतकाच्या अखेरीस, घोडदळाला रिकिबी हव्यात असे सांगितलेच आहे. रिकीब दिसली नाही तरी तो बहुधा झिजेचा परिणाम असतो.

टापांखाली कोण आहे

सर्प दिसला की जॉर्ज, हा समज नंतरच्या शतकांचा. सर्पाला मारणारा संत म्हणून आधी थिओडोर प्रसिद्ध होता. त्याचे मुख्य स्थान युखाइता, आजच्या तुर्कस्तानातल्या चोरुम प्रांतात. जॉर्ज त्या काळी, विशेषतः जॉर्जियाच्या प्रतिमांत, माणसाला भोसकतो, आणि तो माणूस म्हणजे छळ करणारा सम्राट डायोक्लेशन. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियात गोरेमे इथल्या ‘सापाच्या चर्च’मधल्या अकराव्या शतकातल्या भित्तिचित्रात जॉर्ज आणि थिओडोर दोघेही घोड्यांवरून समोरासमोर येऊन सर्पाला मारताना दिसतात. जॉर्जकडे सर्प अकराव्या शतकापासून जातो, आणि पुढे तो त्याचाच होऊन बसतो.

म्हणून सर्प हा निर्णायक पुरावा नाही. मोहरेवर तो नुसती नागमोडी रेघ असतो, आणि जमिनीची रेघ किंवा मण्यांच्या कडेचा तुटका भागही तसाच दिसतो. सर्प म्हणायचा असेल तर भाल्याचे टोक ज्या जागी संपते तिथे डोके किंवा उघडा जबडा दिसायला हवा. माणूस असेल तर : मर्कुरिओसच्या भाल्याखाली सम्राट ज्युलियन, जो ३६३ साली मेला. दिमित्रिओसच्या भाल्याखाली बल्गेरियाचा राजा कालोयान, जो १२०७ साली थेस्सालोनिकीच्या वेढ्यात मेला. साहजिकच ते चित्र त्या सालाआधीचे असूच शकत नाही. जॉर्जच्या मागे घोड्यावर बसलेला, कथेत त्याने कैदेतून सोडवलेला मितिलिनीचा मुलगा तेराव्या शतकातल्या प्रतिमांत दिसतो. मोहरेवर मागच्या बाजूला काही उंचवटा दिसला तर आधी तो उडणारा शेला समजावा.

हे संत घोड्यावर का बसले, याचे उत्तर रणांगणात आहे. ९७१ साली दोरोस्तोलोनला, आजच्या बल्गेरियातल्या सिलिस्त्राला, सम्राट जॉन त्झिमिस्किसची रुस, म्हणजे जुन्या रशियन, सैन्याशी लढाई झाली. तेव्हा पांढऱ्या घोड्यावरचा एक अनोळखी स्वार पुढे होऊन शत्रूची फळी फोडत होता, नंतर तो कुणाला सापडला नाही, तो थिओडोरच होता, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. सैनिकाच्या मनात संत असा मदतीला धावून येई. मोहरेवरचा स्वार हे त्या धावून येण्याचे चित्र आहे, आणि त्याच्याभोवतीची प्रार्थनाही तेच मागते.

मागची बाजू

मालक मागच्या बाजूला असतो. ठरलेला मजकूर असा : ‘कीरिए वोइथी तो सो दूलो’, म्हणजे ‘प्रभो, तुझ्या या सेवकाला साहाय्य कर’, आणि पुढे नाव, मानाची पदवी, अधिकारपद, शेवटी घराण्याचे नाव. प्रभूऐवजी थेट संतालाही हाक मारलेली असते. गोल फिरणारा मजकूर असेल तर वरच्या बाजूचा छोटा क्रूस शोधावा, तिथून सुरुवात.

नावाचा शेवट नीट पाहावा. ‘साहाय्य कर’ या क्रियापदाबरोबर ‘ओस’ने संपणाऱ्या नावाचा शेवट ‘ओमेगा’ होतो. ‘अमक्याची मोहर’ असा मजकूर असेल तर तेच नाव ‘ओमिक्रॉन, इप्सिलॉन’ने संपते. क्रियापद झिजून गेले असले तरी या शेवटावरून ते पुन्हा बसवता येते. बाराव्या शतकात पद्यमय मजकूर वाढतो, ओळीत १२ अक्षरावयव मोजून. काही मालक तर नावच देत नाहीत, ‘मी कुणाची मोहर ते मजकूर पाहून जाण’ एवढेच म्हणतात.

काळाचे टप्पे असे लावावेत. आठव्या-नवव्या शतकात क्रूसाच्या आकारात एकमेकांत गुंफलेली अक्षरे (मोनोग्राम) आणि त्यांच्या चार कोपऱ्यांत ‘तो सो दूलो’. मूर्तिभंजनाच्या, म्हणजे पवित्र चित्रांवरच्या बंदीच्या, काळात संतांची चित्रे जातात, आणि ८४३ नंतर हळूहळू परततात. दहाव्यात पायऱ्यांवरचा क्रूस. अकराव्यात घराण्यांची नावे आणि उभे संत वाढतात. पदव्याही बोलतात : ‘प्रोतोस्पाथारिओस’ बाराव्या शतकात दिसेनासा होतो, तर ‘सेवास्तोस’चा सुकाळ १०८१ मध्ये अलेक्सिओस कोम्निनोस गादीवर आल्यानंतरचा. १२०४ नंतर मोहरांची संख्याच घटते.

मालकाने हा संत का निवडला, हे शेवटी विचारावे. स्वतःचे नाव तेच असू शकते, घराण्याची भक्ती असू शकते, किंवा ते ठिकाणच त्या संताचे असते : थेस्सालोनिकीचा दिमित्रिओस, युखाइताचा थिओडोर. अलेक्सिओसच्याच सम्राट होण्याआधीच्या, पश्चिमेचा सेनापती असतानाच्या मोहरांवर दिमित्रिओस आहे. पण योद्धा संत दिसला म्हणून मालक सैनिक ठरवू नये. न्यायाधीश आणि बिशपही हे संत वापरत.

जोड शोधणे आणि नोंद करणे

एका बुलोटेरिऑनने अनेक पत्रे बंद होत. म्हणून तुमच्या मोहरेवर जे गेले आहे ते दुसऱ्या मोहरेवर शाबूत असू शकते. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संस्थेकडे सुमारे १७,००० मोहरा आहेत, जगातला हा सर्वांत मोठा संग्रह. त्यांची सूची इंटरनेटवर फोटोंसह मोफत पाहता येते, मग पाहणारा पुण्यात असो की पणजीत. संत, नाव आणि पद यांवरून शोध घ्यावा. जोड जुळली असे म्हणण्याआधी चित्र सारखे आहे यावर थांबू नये. भाल्याचे टोक कोणत्या अक्षराच्या समोर येते, घोड्याच्या कानापासून जवळचे अक्षर किती दूर आहे, मणी कितवा तुटला आहे, अशा तीन जागा जुळल्या तरच साचा एक.

नोंदीत जे दिसले ते आणि जे अनुमान आहे ते वेगळे लिहावे. शिलालेखांसाठी १९३१ साली लायडनला ठरलेली चिन्हपद्धत मोहरांनाही चालते : गेलेले अक्षर चौकोनी कंसात, संक्षेप सोडवून लिहिलेले गोल कंसात, शंकास्पद अक्षराखाली ठिपका. ‘घोडेस्वार उजवीकडे, प्रभावळ, तिरपा भाला, डावीकडे खूण आणि दोन अक्षरे, खाली नागमोडी रेघ, सर्प असावा’ अशी नोंद ‘सेंट जॉर्ज सर्पाला मारताना’ या नोंदीपेक्षा कितीतरी मोलाची, कारण चुकलेली ओळख पुढचा माणूस तीवरून दुरुस्त करू शकतो.

सांभाळ आणि खरेदी

शिशाचा शत्रू म्हणजे लाकडी कपाट. ओक आणि प्लायवूडमधून, साध्या पुठ्ठ्यातून आणि काही गोंदांतून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते. तिच्यामुळे शिशावर पांढरी भुकटी येते आणि काही वर्षांत प्रभावळ, अक्षरे, सगळे खाऊन टाकते. मोहर पॉलिथिलीनच्या पिशवीत, आम्लविरहित कागदावर, धातूच्या खणात ठेवावी, हवा कोरडी असावी. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात सिलिका जेल दर महिन्याला तपासावे. पांढरी भुकटी दिसलीच तर ती मोहर वेगळी करावी, फुंकर मारू नये, कारण ती विषारी आहे, आणि धातूच्या संवर्धकाकडे द्यावी. व्हिनेगर, लिंबू, तारेचा ब्रश, यांतले काहीही लावू नये. प्लॅस्टिसिनमध्ये दाबून ठसा घेण्याचा मोहही टाळावा, मऊ शिसे वाकते. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

विकत घेताना मोहर कुठून निघाली, कधी बाहेर आली याचे कागद मागावेत. तुर्कस्तानात १९८३ च्या कायदा क्रमांक २८६३ नुसार जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू सरकारची असते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. मोहर ज्या थरात, ज्या वास्तूत सापडली ते ठिकाण कळले तर तिचे पत्र कुठे पोचले होते हे कळते. चोरट्या खोदकामात ते कायमचे पुसले जाते आणि कुठल्याही उजेडात पुन्हा वाचता येत नाही.